नऊ गुंठ्यांची पड

२०२३ च्या जूनमध्ये आप्पा आमच्याकडे ग्लासगोला आले आणि पहिल्याच दिवशी पहाटे पाचला खिडकीत उभं राहून त्यांनी मला हाक मारली, "समोरचं हे कुणाचं हाय गं?"

जूनमध्ये इथे साडेचारलाच उजाडतं. मी अर्धवट झोपेत होते. "कुणाचं नाही हो. मोकळी जागा आहे."

"कुणाचं नाही अशी जमीन नसते."

माझे वडील चौतीस वर्षं तलाठी होते. माढा तालुका, करमाळा तालुका, शेवटी सोलापूरच्या अलीकडे. माझं लहानपण गाव नमुना सात आणि गाव नमुना बाराच्या वासात गेलं. वास म्हणजे खरोखरचा वास, दप्तराच्या लाल कापडाचा आणि डांबरगोळ्यांचा. त्यामुळे 'कुणाचं नाही' हे उत्तर त्यांना चालणार नाही हे मला कळायला हवं होतं. मी अंथरुणातून उठून खिडकीशी गेले. नऊ वर्षं त्या खिडकीतून बघत होते, पण त्या दिवशी आप्पांच्या शेजारी उभी राहिल्यावर ती जागा पहिल्यांदाच नीट पाहिली.

आम्ही पॉसिलपार्कमध्ये राहतो, शहराच्या उत्तरेला. चार मजली दगडी टेनेमेंट, सामाईक जिना, तिसऱ्या मजल्यावर आम्ही. समोर गंजलेल्या जाळीचं कुंपण, एका कोपऱ्यात वाकवून माणूस जाईल एवढी वाट केलेली. आत विटांचे तुकडे, त्यावर शेवाळ, ब्रॅम्बलची काटेरी जाळी, तीन-चार बर्चची झाडं, जांभळ्या तुऱ्यांचं बडलिया, आणि एक पांढरा फ्रीज. फ्रीज दार नसलेला. आदल्या हिवाळ्यात रात्री कुणीतरी टेम्पो लावून टाकून गेलं होतं. मी एका कार्यालयात फोन केला होता. ते म्हणाले, जागा खाजगी आहे, मालकाला सांगा. मालक कोण, तर ते आम्ही सांगू शकत नाही. मी सोडून दिलं होतं.

चहा झाल्यावर आप्पा मफलर गुंडाळून खाली गेले. जूनमध्ये मफलर. मी वरून बघत होते. त्यांनी कुंपणाच्या कडेने पावलं टाकायला सुरुवात केली, हात मागे बांधून, ओठ हलवत. रस्त्याच्या बाजूने एक्केचाळीस, गल्लीच्या बाजूने अडतीस. वर येऊन म्हणाले, "माझं पाऊल अडीच फुटाचं. तेहेतीस बाय तेहेतीस फुटाचा गुंठा. नऊ गुंठ्याला थोडं कमी भरतंय. नऊ आर धर." आणि मग, "नोंद कुठं बघायला मिळंल?"

आता हे मला माहीत होतं. मी इथे एका छोट्या कंपनीत हिशेबाचं काम करते, दिवसभर रकाने बघण्यात जातो, आणि कामाच्याच निमित्ताने एकदा ती वही माझ्या हाती लागली होती. वही म्हणजे एक्सेलची फाइल. स्कॉटलंडमधल्या पडीक जमिनींची नोंद १९८८ पासून होते आहे. बत्तीस स्थानिक कौन्सिलं आपापल्या हद्दीतल्या जागांची यादी देतात, दरवर्षी ती एकत्र होते आणि कुणालाही उतरवून घेता येते. प्रत्येक जागेला एक ओळ: क्षेत्र किती, पूर्वी तिथे काय होतं, किती वर्षांपासून पडून आहे, मालकी खाजगी की सरकारी, पुढे काही होण्याची शक्यता किती.

आप्पांनी चष्मा लावला. मी रकाने मराठीत सांगत गेले आणि त्यांचा चेहरा उजळत गेला. परदेशात आल्यापासून पहिल्यांदा ते ओळखीच्या मुलखात आले होते. "ही तर पीकपाहणी हाय की गं. फक्त पीक नसलेल्याची."

त्यात दोन वर्ग आहेत आणि ते समजावून सांगताना माझीही थोडी तारांबळ उडाली. पहिला 'व्हेकंट': एकदा वापरात होती किंवा बांधकामासाठी तयार केलेली होती, आता काही नाही, पण उद्या कुणी मनावर घेतलं तर सरळ कुदळ मारता येईल. दुसरा 'डेरेलिक्ट': पूर्वीच्या वापराने इतकी बिघडलेली की आधी दुरुस्त केल्याशिवाय काहीच करता येणार नाही. जमिनीत विष आहे, खाली खाणीची पोकळी आहे, किंवा वर अर्धी पडलेली इमारत आहे. मराठीत दोन्हींना आपण 'पडीक' म्हणून मोकळे होतो.

आप्पा म्हणाले, "पडीक एक नसतं. पहिली ही चालू पड. दुसरा पोटखराबा."

मी हे आधी का सुचलं नाही म्हणून कपाळावर हात मारला. सातबाऱ्यावर पोटखराबा वेगळा दाखवतात, कारण त्यावर आकारणी नाही: नांगर न चालणारा खडक, नाला, घळ. फरक एवढाच की आपल्याकडचा पोटखराबा बहुतेक देवाने केलेला असतो. इथला माणसांनी केलेला आहे आणि त्यातून कुणीतरी आधी भरपूर पैसा काढलेला आहे.

मग आमची जागा शोधायला बसलो. रस्त्याचं नाव टाकलं, नाही. नकाशावर गेलो, आजूबाजूला बरेच रंगीत तुकडे होते, आमच्या खिडकीसमोर पांढरं. आप्पांना वाटलं मला मशीन चालवता येत नाही. शेवटी नियमांत सापडलं: ०.१ हेक्टरपेक्षा लहान जागा या वहीत धरत नाहीत.

"दहा आर," आप्पा म्हणाले. "आपली नऊ."

एका आराने हुकलेली. फ्रीज, विटा, बर्च आणि मी नऊ वर्षं बघितलेली सगळी घाण स्कॉटलंडच्या हिशेबात अस्तित्वातच नाही. आप्पांना यात अन्याय वगैरे काही दिसला नाही. कुठंतरी रेघ मारावीच लागते, नाहीतर तलाठी मरेल मोजून, हे त्यांचं म्हणणं. मला मात्र ते लागलं. या गल्ल्यांत असे सहा-सात गुंठ्यांचे, चार गुंठ्यांचे तुकडे पावलोपावली आहेत. कुठे एक जिना, म्हणजे त्या जिन्याभोवतीची अख्खी इमारत, पाडला, कुठे एक पब जळाला, कुठे चर्चचं सभागृह गेलं. दात पडलेल्या तोंडासारखी रांग दिसते. हे सगळे हिशेबाबाहेर.

आणि जे हिशेबात आहे ते तरी किती? २०१९ च्या मोजणीत सगळ्या स्कॉटलंडची बेरीज जवळपास ११,००० हेक्टर होती. म्हणजे सत्तावीस हजार एकर. इथे ते 'डंडी शहराच्या दुप्पट' असं सांगतात. आप्पांना डंडी माहीत नाही, एकर कळतात. "एक मंडळ गेलं म्हण की पडीक."

पण बेरजेत मजा नाही, मजा कौन्सिलवार बघण्यात आहे. नॉर्थ एअरशायर नेहमी वरच्या ओळींत असतं, कारण तिथे समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांत आर्डियर आहे. १८७१ मध्ये आल्फ्रेड नोबेलने डायनामाइटसाठी ती जागा निवडली. स्फोट झाला तर वाळू झेलेल असा विचार होता. पुढे आयसीआय कंपनीकडे गेली, हजारो लोक कामाला होते, आता बराचसा भाग ओसाड. हायलँड कौन्सिलचा आकडाही मोठा, पण तिथे माणसंच विरळ. दुसऱ्या महायुद्धात बांधलेल्या धावपट्ट्यांवर आता मेंढ्या चरतात, कुणाचं काही अडत नाही. ईस्ट एअरशायरमध्ये उघड्या कोळसा खाणींचे खड्डे आहेत. २०१३ साली खाणी चालवणाऱ्या कंपन्या बुडाल्या, आणि खड्डे बुजवण्यासाठी ठेवलेल्या हमीच्या रकमा फार तोकड्या निघाल्या. नॉर्थ लॅनार्कशायरमध्ये मदरवेलजवळचं रेव्हन्सक्रेग, साडेचारशे हेक्टरच्या आसपासचा पोलाद कारखाना. १९९२ मध्ये बंद, १९९६ मध्ये त्याचे शीतक मनोरे सुरुंगाने पाडले. त्यानंतर तिथे कॉलेज आलं, क्रीडासंकुल आलं, घरं येतायत, आणि तरी गाडीतून जाताना मोकळं रान संपत नाही.

ग्लासगोचा आकडा साधारण हजार हेक्टर. हायलँडच्या तुलनेत हे शहर म्हणजे टिकली, पण त्या टिकलीच्या विसाव्या हिश्शावर काहीच नाही. म्हणून मला हेक्टरची क्रमवारी फसवी वाटते. वस्तीपासून कोसभर दूर असलेल्या धावपट्टीचा आणि जिन्याच्या दारातल्या उकिरड्याचा हेक्टर एकाच बेरजेत जातो. त्या मोजणीचीच दुसरी आकडेवारी जास्त बोलकी आहे: स्कॉटलंडमधल्या सुमारे तीस टक्के लोकांच्या घरापासून पाचशे मीटरच्या आत एखादी डेरेलिक्ट जागा असते. सर्वांत गरीब वस्त्यांमध्ये हेच प्रमाण निम्म्याच्या वर जातं. आमच्यासारख्या वस्त्या. खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, पाचशे मीटर? मी कचऱ्याची पिशवी घेऊन पन्नास मीटर जाते तेवढ्यात दोन लागतात.

आप्पांना मात्र वेगळंच कोडं पडलं होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी फिरून आले आणि म्हणाले, "इथं कुणी टपरी का टाकली नाही?"

मी हसले, पण प्रश्न खरा होता. सोलापुरात रस्त्याला लागून नऊ गुंठे मोकळे राहिले असते तर आधी एक चहाची गाडी, मग पंक्चरवाला, मग शेळ्या, मग गणपतीचा मांडव, आणि मांडव निघाला तरी खांब तसेच. आमच्याकडे मोकळी जागा मोजणं म्हणजे अतिक्रमण मोजणं. आपल्या कायद्यातलं 'मोकळी जमीन' हेसुद्धा इथल्याहून पार उलटं. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा आठवतो का, युएलसी? मुंबईत पाचशे चौरस मीटरच्या वर मोकळी जमीन ठेवाल तर जादाची सरकारजमा. आप्पांच्या ओळखीत निम्म्या लोकांची अर्धी हयात त्या सवलतींच्या कागदांत गेली, २००७ मध्ये महाराष्ट्राने तो रद्द करेपर्यंत. तिथे मोकळी जमीन म्हणजे कुणीतरी दाबून ठेवलेली माया. इथे मोकळी जमीन म्हणजे कुणालाच नको असलेली.

नको का असावी, यासाठी मी त्यांना स्प्रिंगबर्नला घेऊन गेले. आमच्या घरापासून बसने दहा-बारा मिनिटं.

तिथे नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीचं जुनं मुख्य कार्यालय उभं आहे. १९०९ चं, लाल दगडाचं, आणि दरवाजाच्या वर दगडात कोरलेलं इंजिनाचं तोंड. आप्पा कुर्डुवाडीचे. रेल्वेच्या गावातला माणूस. आम्ही त्यांना कधी देवळासमोर एवढा वेळ उभं राहिलेलं बघितलेलं नाही. मी सांगितलं की भारतात स्वातंत्र्यानंतर मालगाड्या ओढायला आली ती डब्ल्यूजी वर्गाची सुरुवातीची इंजिनं या कंपनीने बांधली. "डब्ल्यूजी!" ते म्हणाले. "अरे, त्याच्या धुरानं आमची धुणी काळी व्हायची." मग मागे वळून विचारलं, "आणि कारखाना?"

कारखाना नाही. कंपनी १९६२ मध्ये बुडाली. वाफेवरून डिझेलकडे वळायला गेली, पण ते तिला जमलं नाही. एके काळी जगात धावणाऱ्या इंजिनांतली चौथाई या एका वस्तीत बनली असं इथले लोक सांगतात. मग वस्तीच्या मधोमध रुंद रस्ता काढला, जुनी दुकानं आणि जिने पाडले. थोडं वर बागेत हिवाळी उद्यानाचा सांगाडा आहे, १९०० सालचं काचघर, आता काच एकही नाही, फक्त लोखंडी कमानी आणि त्यांतून वाढलेली झाडं. १९८३ पासून बंद. कुंपणाला नाक लावून आप्पांनी कमानी मोजल्या. मोजल्याशिवाय त्यांना काही दिसत नाही.

आमच्या पॉसिलपार्कची गोष्ट त्याहून चटका लावणारी आहे, निदान मला. वॉल्टर मॅकफार्लेन नावाच्या ओतकाम करणाऱ्याने इथली एक जहागीर विकत घेतली आणि १८७२ च्या सुमाराला तिथे सॅरासेन फाउंड्री उभी केली. त्या वर्षी इथे दहा माणसं राहत होती. १८९१ मध्ये दहा हजार. कारंजी, बँडस्टँड, कठडे, दिव्याचे खांब, सगळं ओतीव लोखंडात, पुस्तकातून निवडायचं आणि जगात कुठेही मागवायचं. म्हैसूरच्या राजवाड्यातल्या कल्याणमंटपाचे खांब इथून गेले. आप्पा आणि आई शहाण्णव साली एसटीच्या सहलीतून म्हैसूरला गेले होते. "त्या खांबाला तुझी आई टेकून बसली होती, पाय दुखतायत म्हणून. शिपायानं उठवलं." फाउंड्री १९६७ मध्ये बंद झाली. सॅरासेन स्ट्रीट मात्र आहे, त्यावर आमचं औषधांचं दुकान आहे.

थोडक्यात, हे शहर दुप्पट माणसांसाठी बांधलेलं आहे. १९३० च्या दशकाच्या शेवटी इथे अकरा लाखांवर लोक होते, २००१ च्या आसपास पावणेसहा लाख. कारखाने गेले हे एक. आणि कोंदट जिने पाडून लोकांना मुद्दाम ईस्ट किलब्राइड, कंबरनॉल्ड अशा नव्या गावांत हलवलं हे दुसरं. पाडायचं काम झपाट्याने झालं, बांधायचं रेंगाळलं. टपरी टाकायला गिऱ्हाईक लागतं, आप्पा.

"आणि परवाना," ते म्हणाले. चौतीस वर्षांची सवय.

त्या उन्हाळ्यात आम्ही शनिवार-रविवार अशाच जागा बघत हिंडलो. नवरा म्हणाला, सासरे आले की लोक एडिंबराचा किल्ला दाखवतात. तोही दाखवला. आप्पांनी तिथे विचारलं, याची देखभाल कोणत्या खात्याकडे.

त्यांना सर्वांत आवडलं ते क्लेपिट्स. आमच्या घरापासून चालत जाण्यासारखं, कालव्याच्या काठावर. कालव्याला अस्तर लावायला तिथून चिकणमाती काढत, मग कारखाने, मग काहीच नाही. पन्नास वर्षं कुणी बघितलं नाही आणि तेवढ्यात तिथे रान झालं. हरणं आली. पायवाटा आणि पूल बांधून २०२१ मध्ये ते राखीव निसर्गक्षेत्र म्हणून लोकांसाठी खुलं झालं. इथे मी आप्पांना वहीतली एक गंमत सांगितली: जागा वहीतून कमी होण्याची एक रीत म्हणजे तिच्यावर बांधकाम होणं, आणि दुसरी म्हणजे ती इतकी हिरवी होणं की आजूबाजूच्या रानात मिसळून जाईल. मग मोजणारा लिहितो, नैसर्गिक झाली, आणि ओळ खोडतो. म्हणजे एखाद्या वर्षी पडीक क्षेत्र घटलं असं छापून येतं तेव्हा त्यातलं काही नुसतं झाडांनी केलेलं असतं, कुणी मंत्र्याने नाही. आप्पा म्हणाले, "आमच्या वेळी असं असतं तर निम्मा करमाळा वेडी बाभूळ लावून सुधारला असता."

सगळीकडे मात्र झाडं पुरत नाहीत. शहराच्या आग्नेय टोकाला, रदरग्लेनच्या बाजूला, व्हाइट घराण्याचा क्रोमियमचा कारखाना होता, १८२० पासून १९६० च्या दशकापर्यंत. त्याची मळी त्या भागात खड्डे बुजवायला वापरली. कुणाला फुकटची भर नको असते? २०१९ मध्ये आणि मग पुन्हा २०२१ मध्ये पोलमाडीचा ओढा चक्क पोपटी झाला. मी फोटो दाखवला तर आप्पांना वाटलं रंगपंचमी. हा खरा पोटखराबा. यावर नुसतं रान वाढू देऊन भागत नाही.

पण आप्पांचा मूळ प्रश्न सुटला नव्हता. समोरचं कुणाचं?

इथे जमिनीचं दप्तर दोन प्रकारचं आहे. एक जुनं, सासीनचं रजिस्टर, १६१७ पासूनचं. शिवाजी महाराजांच्या जन्माआधी तेरा वर्षं. त्यात दस्तांची नोंद आहे, नकाशा नाही: अमक्याच्या भिंतीपासून तमक्याच्या ओढ्यापर्यंत. आप्पा खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते. "फेरफाराची वही, पण गटबुक नाही. भांडणं किती होत असतील!" दुसरं नवं, नकाशावर आधारलेलं, १९८१ पासून एकेका परगण्यात सुरू झालेलं. थोडे पौंड भरले की कुणाच्याही जमिनीचा उतारा निघतो. मी भरले. मालक म्हणून एका कंपनीचं नाव आलं. कंपन्यांच्या यादीत बघितलं तर ती कंपनी कधीच विसर्जित झालेली.

आता खरी मजा. अशी बेवारस मालमत्ता स्कॉटलंडमध्ये राजाकडे जाते. त्यासाठी राजाच्या नावाने काम बघणारा एक अधिकारीसुद्धा आहे. पण राजाने ती घेतलीच पाहिजे असं नाही. साफसफाईचा खर्च, विषारी माती, पडायला आलेली भिंत असं काही असेल तर तो अधिकारी 'आम्हाला नको' असं लिहून देऊ शकतो.

आप्पांनी हे मला दोनदा सांगायला लावलं. "राजाला पण नको?"

"राजाला पण नको."

ते बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, माझं पहिलंच बरोबर होतं, कुणाचं नाही अशी जमीन नसते, पण कुणालाच नको अशी असते. माझ्या नोकरीत एकदाही बघितली नाही. लोक वावभर बांधासाठी डोकी फोडायचे.

उपाय नाहीत असं नाही. २०१८ पासून इथल्या वस्तीतल्या लोकांना संस्था करून पडीक, दुर्लक्षित जमीन मालकाची इच्छा नसली तरी विकत मागता येते. कागद इतके की हात घालणारे थोडे. त्याच वर्षी जमीन आयोगाने सुचवलं होतं की वर्षानुवर्षं पडून असलेली जागा मालकाला सक्तीने लिलावात काढायला लावायचा अधिकार कौन्सिलांना द्या. तेव्हापासून मी त्यावर भाषणंच ऐकते आहे. चांगली उदाहरणं लोकांच्या हट्टातून आलेली आहेत. नॉर्थ केल्विनमध्ये जुन्या लाल मातीच्या फुटबॉल मैदानावर लोकांनी झाडं लावली, पोरांना खेळायला न्यायला लागले. तिथे नव्वद घरांची योजना आली आणि २०१६ च्या अखेरीस सरकारने ती नाकारली. मला ते आवडतं, आणि थोडं खटकतंही. त्या भागात चिवट, लिहिता-बोलता येणारे लोक राहतात. आमच्याकडे आजीबाई आणि मी.

आप्पा ऑगस्टच्या शेवटी परत गेले. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्या मुलाची शाळेची वही मागितली, पट्टीने रकाने आखले आणि समोरच्या जागेचा गाव नमुना बारा भरला. मोत्यासारखं अक्षर. क्षेत्र: ०.०९. पीक: निरंक. जलसिंचनाचा स्रोत: पाऊस. जमिनीचा वापर: चालू पड. शेरा: फ्रीज १, दार नाही.

मी म्हटलं, आप्पा, चालू कसली, आजीबाई सांगतात चाळीस वर्षं झाली इमारत पाडून. कायम पड लिहा.

"कायम लिहिलं की पुढचा तलाठी जाऊन बघत नाही. चालू लिहिलं की दरवर्षी जावं लागतं." आणि वही माझ्या हातात दिली. म्हणजे पुढचा तलाठी मीच.

२०२४ मध्ये मी गेले. फ्रीज तसाच, बर्च वाढलेले. तेच पुन्हा लिहिलं. गेल्या सप्टेंबरमध्ये पुन्हा वही आणि पेन घेऊन कुंपणाच्या वाकलेल्या कोपऱ्यातून आत शिरले तर आजीबाई आधीच तिथे. हातात प्लॅस्टिकचा डबा, बोटं जांभळी. ब्रॅम्बलची फळं तोडत होत्या. त्यांनी विचारलं, काय मोजतेस? तलाठ्याचं काम इंग्रजीत सांगायचा मी प्रयत्न केला. जमलं नाही. माझे वडील हे करायचे, एवढंच म्हटलं.

"मग हे लिही," त्या डबा दाखवत म्हणाल्या. "बारा वर्षं मी याच जागेतून नेते. दरवर्षी आठ बाटल्या जॅम होतो. कुत्र्यांच्या उंचीच्या वरचीच तोडायची, लक्षात ठेव."

एक बाटली मला मिळाली. रात्री व्हिडिओ कॉलवर ती आप्पांना दाखवली आणि सगळं सांगितलं.

"बारा वर्षं?" ते म्हणाले. "मग पीक निरंक कसं लिहिलं आपण? वही आण."

आणली.

"निरंक खोड. ब्रॅम्बल लिही, पुढं आठ बाटल्या. तिन्ही वर्षांच्या ओळी दुरुस्त कर. आणि खाडाखोड केलीस तर बाजूला सही करायची, तारीख घालून."